पुलपिटावरच्या छत्रीतून पडणारी रक्षा

मित्रांनो, आज मी कोणत्या रूपात आहे ते तुम्हांला शेवटी कळेलच, आणि कळल्यावर तुम्हांला बरं वाटणार नाही. म्हणून माझी ओळख त्या रूपाने नको. मी मुळात एक जुनी लाकडी छत्री. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे बरं का! राजारामपुरीच्या पाठीमागच्या एका गल्लीत एक लहानसं दगडी चर्च आहे. तिथे उपदेशकाने उभं राहून बोलायचा उंच लाकडी कठडा आहे, त्याला सगळे पुलपीट म्हणतात. अरुंद पायऱ्या चढून त्यात जायचं. त्या पुलपिटावर, उपदेशकाच्या बरोबर डोक्यावर, मी टांगलेली होते. बैलगाडीच्या चाकाएवढी रुंद, फुलासारख्या पाकळ्या असलेली, आणि चाकाएवढीच जड.

माझं काम साधं होतं. उपदेशकाचा आवाज वर कौलांत जाऊन हरवू नये, म्हणून मी तो अडवायचा आणि समोर बाकांवर बसलेल्या मंडळीकडे लोटायचा. तेव्हा मायक नव्हता. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही शब्द न् शब्द ऐकू जायचा तो माझ्यामुळे. पण म्हातारीला ते ठाऊक नसायचं. ती म्हणायची, पाळकसाहेबांचा आवाज काय खणखणीत!

मला गारगोटीच्या एका सुताराने घडवलं. सागवान त्याने फक्त माझ्या कडांना वापरलं, लोकांना खालून दिसावं म्हणून. बाकी सगळी मी आंब्याच्या लाकडाची. माझ्या मधोमध एक जाड गड्डा होता. वर तुळईतून आलेला लोखंडी गज त्या गड्ड्यातून आरपार खाली यायचा, आणि खालून नट आवळलेला. माझा सगळा भार त्या एका गड्ड्यावर. तोही आंब्याचाच. आंब्याचं लाकूड गोड असतं, मित्रांनो. ही गोष्ट माणसं विसरतात. किडे विसरत नाहीत.

आमच्या चर्चची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एरवी रविवारी पाळकसाहेब स्वतःचा उपदेश करायचे. पण संतांच्या सणाला नाही. त्या दिवशी ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतल्या उपदेशकांची प्रवचनं मराठीत वाचायची. कुणा जुन्या पाळकांनी ती मराठीत आणून ठेवली होती. त्या काळी ज्यांनी देवासाठी प्राण दिले त्यांना रक्तसाक्षी म्हणत. गावाबाहेर त्यांची थडगी असत. वर्षातून एकदा, ज्या दिवशी त्यांना मारलं त्या दिवशी, लोक दिवे घेऊन, भाकरी बांधून तिथे जमत आणि त्या मरणाच्या दिवसाला जन्मदिवस म्हणत. मग उपदेशक उभा राहायचा आणि जणू तो रक्तसाक्षी समोरच बसला आहे अशा आवाजात बोलायचा. कधी त्याच्याशी, कधी लोकांशी. आणि लोकांना चांगलं झाडायचाही! पोटासाठी आला असाल, तर ज्याने उपाशीपोटी प्राण दिला त्याचं नाव कशाला घेता? त्याचा मान करायचा असेल तर त्याच्यासारखं वागा. नुसती गर्दी करून काय होतं?

हे वाचलं जात असताना चर्चच्या मागे चुलीवर तांबडा रस्सा रटरटत असायचा, हेही खरं. सणाचं जेवण ते. एकदा मधल्या बाकावरून कुणी तरी हळूच म्हणालं, "वाचा की बिगीबिगी, पाळकसाहेब. तितं मटण गळून चाललंय!" सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबही हसले. तो हसण्याचा आवाजही मी सगळ्यांपर्यंत पोचवला. मला ते दिवस फार आवडायचे.

मग मायक आला. काळे डबे भिंतींवर बसले आणि माझं काम संपलं. फक्त संतांच्या सणाला, रीत म्हणून, मायक बंद ठेवत आणि मला पुन्हा वाचा फुटे. एरवी माझ्याकडे वर बघायचं कारणच उरलं नाही. पुसायला कोण चढणार? माझ्या पाठीवर धूळ साचली, कबुतरांची पिसं साचली. आणि एका उन्हाळ्यात माझ्या गड्ड्यात काही तरी शिरलं.

आधी मला ते कळलंही नाही. मग आतून आवाज यायला लागला. कुर्र… कुर्र… थांबायचा, आणि पुन्हा. प्रार्थनेच्या शांततेत तो मला इतका मोठा वाटायचा की आता कुणी तरी डोळे उघडेल, वर बघेल, असं वाटे. पण प्रार्थनेच्या वेळी माणसं डोळे मिटून घेतात.

अमरसिंह नावाचे नवे पाळक आले तेव्हा मी आतून बरीच पोकळ झाले होते. अमरसिंह मऊ माणूस. कुणाला दुखवायला नको म्हणून स्वतःचं वाक्य अर्ध्यात गिळणारे. त्यांच्या पहिल्याच संतसणाला त्यांनी वाचायला घेतलं ते एका सैनिक रक्तसाक्ष्यावरचं जुनं प्रवचन. त्यात तो प्राचीन उपदेशक सांगतो, की लोक ह्या शूराच्या थडग्यावरची धूळसुद्धा घरी नेतात, आणि चिमूटभर मिळाली तरी धन जपावं तशी जपतात.

अमरसिंहांचा आवाज भरून आला होता. तो माझ्या पोटावर आदळला, मी थरथरले, आणि माझ्या गड्ड्यातून बारीक पिवळसर भुसा खाली आला. अगदी थोडा. नेमका त्या ओळीवर, उघड्या पानावर.

पुढच्या बाकावर आक्काताई बसायच्या. त्यांचं नाव घेताना मला आजही जड जातं, कारण त्यांच्याइतकं भाविक माणूस त्या चर्चमध्ये दुसरं नव्हतं. रोज पहाटे आंघोळ करून त्या यायच्या, माझ्याखालच्या पायऱ्या पदराने पुसायच्या, एक स्तोत्र म्हणायच्या, आणि मगच घरी जाऊन तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या. आजारपणातही हा नेम चुकला नाही. त्यांच्याबरोबर त्यांची नात एस्तेर असायची. एस्तू. तिची आई पुण्याला नोकरीला, पोर आजीजवळ. एस्तूची छाती जन्मापासून नाजूक होती. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शीळ वाजायची.

तो भुसा पडलेला आक्काताईंनी पाहिला. त्या उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "बघा गं बायांनो! धूळ पडली! संतानं आपल्यालाबी दिली!"

उपासना संपल्यावर अमरसिंहांनी खाली आणलेल्या पुस्तकाच्या पानावरचा भुसा त्यांनी रुमालात टिपून घेतला, बोट एस्तूच्या कपाळाला लावलं, उरलेला छातीला चोळला. पुढच्या रविवारी त्या सांगत आल्या, "पोरगी रातभर झोपली ओ! एकदाबी उठली न्हाई." थंडी ओसरली होती, हवा बदलली होती, म्हणून ती झोपली असेल. पण हवेचं श्रेय कोण हवेला देतं?

त्या दिवसापासून त्या भुशाला रक्षा हे नाव पडलं.

मित्रांनो, ह्यात कुणाचीच लबाडी नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटायची. बायका भक्तीने यायच्या. पुलपिटाच्या पायऱ्यांवरून काय मिळेल ते डब्यांत भरून न्यायच्या. पोटदुखीला, परीक्षेला, सोयरीक जमायला. पेठ वडगावकडची माणसं सणाला टेम्पो करून येऊ लागली. आणि किडा खात राहिला, आणि जितका तो खाई तितकी रक्षा पडे, आणि जितकी रक्षा पडे तितकी माणसं येत.

अमरसिंहांना संशय आला होता. एका दुपारी चर्च रिकामं असताना त्यांनी भुसा चिमटीत घेऊन हुंगला आणि बराच वेळ माझ्याकडे वर बघत राहिले. नंतर मंडळीचे पंच उदयसिंह आले. उदयसिंहांचा गुळाचा व्यापार, आवाज मोठा, मन वाईट नाही.

"उदयसिंहराव, वर कीड लागलीय असं वाटतंय. छत्री उतरवून बघू या का?"

"उतरवायची? सणाच्या तोंडावर? पाळकसाहेब, बायका छत्रीच्या जागी मला टांगतील की!"

"पण हा लाकडाचा भुसा आहे हो."

"असू दे की! जोतिबाला गुलाल हाय, खंडोबाला भंडारा हाय. आमच्याकडं उधळायला काय हुतं? आता देवानं दिलंय तर तुमी भुसा म्हणताय."

"तसं नाही… म्हणजे…"

"सण झाल्यावर बघू की."

अमरसिंहांनी वाक्य गिळलं. तो सण झाला. मग पुढचा सण आला. प्रत्येक वेळी 'सण झाल्यावर बघू.'

मी माझ्यापरीने सांगत होते. वारा आला की मी कुरकुरायचे, मोठ्याने, मुद्दाम. उदयसिंहांनी ते ऐकलं आणि माणूस वर चढवून गजाला तेल घातलं. माझं कुरकुरणं थांबलं. कशी गंमत बघा, मला इतक्या वर्षांनी कुणी तरी हात लावला तो माझं तोंड बंद करायला. चढलेल्या माणसाने गजाकडे पाहिलं, गड्ड्याकडे पाहिलं नाही.

आणि मी खाली सरकू लागले होते. नट माझ्या पोकळ पोटात आत आत रुतत चालला होता. रोज थोडी. कुणाला दिसणार नाही इतकी थोडी.

डिसेंबर उजाडला. आमचं चर्च संत स्तेफनाच्या नावाचं. स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी, ज्याला दगडांनी ठेचून मारलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याचा सण. नाताळआधी एका सकाळी आक्काताई आपलं स्तोत्र संपवून अमरसिंहांची वाट बघत थांबल्या. एस्तू पायरीवर बसून खोकत होती. गेल्या वर्षभरात तिचा खोकला वाढला होता. शीळ आता लांबूनही ऐकू यायची.

"पाळकसाहेब, सलाम. मी नवस बोललेय," आक्काताई म्हणाल्या. "स्तेफनाच्या सणाला एस्तू पुलपिटात बसंल. प्रवचन सुरू झाल्यापासनं संपंस्तोवर. पोरीच्या डोक्यावर रक्षा पडू दे. छाती मोकळी हुईल तिची."

अमरसिंहांनी वर माझ्याकडे पाहिलं. "आक्का, पुलपिटात नको. बाकावर बसू दे की."

"बाकावर कुठं पडतीया रक्षा? रोज दुधातनं चिमूटभर देतोय, पण ते काय डोक्यावर पडल्यागत हुतंय व्हय?"

"दुधातून?" अमरसिंहांचा चेहरा उतरला. "आक्का, डॉक्टरला दाखवा हो. इथं राजारामपुरीत हाकेच्या अंतरावर आहेत."

"दाखवीन की. आधी संताला दाखवतो."

एस्तूने विचारलं, "आज्जी, लई वेळ बसायचं?"

"प्रवचन संपंस्तोवर. मधनं उठायचं न्हाई. उठलीस तर नवस मोडला."

"आणि खोकला आला तर?"

"तर खोक. पण उठू नको."

मी वरून ऐकत होते. बाजारातून पोतं निवडावं तशी माझ्याखालची जागा त्या लेकरासाठी निवडली जात होती, आणि निवडणारी तिची सगळ्यांत लाडकी आज्जी होती. अमरसिंह म्हणाले, "बघू." एवढंच.

सण आला. चर्च खच्चून भरलं. गारगोटीची, वडगावची माणसं दारात उभी. मागे मांडवात चुली पेटलेल्या. मायक बंद केला. एस्तू पांढरा झगा घालून पुलपिटात बुटक्या स्टुलावर बसली. कठड्याच्या नक्षीतून फक्त तिचे डोळे दिसत होते. तिच्यामागे अमरसिंह उभे राहिले आणि त्यांनी जुनं प्रवचन वाचायला सुरुवात केली.

ते प्रवचन मला पाठ होतं. स्तेफनाला गावाबाहेर ओढून नेलं. दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून मारणाऱ्यांनी आपले अंगरखे काढले आणि शौल नावाच्या एका तरुणाच्या पायाशी ठेवले. इथे तो प्राचीन उपदेशक लोकांकडे वळतो. म्हणतो, आज सणाला आलेल्यांनो, तुम्ही त्या दिवशी कुठे उभे असता? मी दगड मारला नसता, असं प्रत्येक जण म्हणेल. मीही म्हणतो. पण तो अंगरखे राखणारा बघा. त्याने एकही दगड उचलला नाही. तो नुसता बसला. बघत बसला.

इथे अमरसिंहांचा आवाज अडला.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आणि त्या शांततेत माझ्या पोटात 'कट्' असं वाजलं. नट शेवटच्या धड उरलेल्या थरात शिरला. मी बोटभर खाली आले.

चाळणीतून पीठ पडावं तसा भुसा पडला. पुस्तकावर, अमरसिंहांच्या खांद्यांवर, एस्तूच्या केसांत. सगळं चर्च एका आवाजात "आमेन! आमेन!" म्हणालं. बायकांनी लांबूनच पदर पसरले. एस्तू खोकायला लागली आणि तिचा खोकला थांबेना.

'कट्' मात्र एकट्या अमरसिंहांनी ऐकलं होतं.

"एस्तू, खाली जा बाळ. आज्जीकडं जा."

"उठू नको गं!" पुढच्या बाकावरून आक्काताई ओरडल्या. "प्रवचन संपलेलं न्हाई!"

पोरीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. अमरसिंह तिला उचलायला वाकले, तशी तिने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नवस मोडंल! आज्जी, नवस मोडंल!" त्या ओढाताणीने पुलपीट हललं, तुळई हलली, मी झोके खाऊ लागले. अमरसिंहांनी हात सोडला. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते एस्तूवर ओणवे झाले. दोन्ही तळवे कठड्यावर टेकून, पाठ वर करून, एखाद्या घराचं छप्पर असावं तसे. आता माझ्या आणि त्या लेकराच्या मधे फक्त एका मऊ माणसाची पाठ होती.

मागून उदयसिंह म्हणाले, "काय झालं पाळकसाहेब? वाचा की पुढं!"

"नाही वाचत," अमरसिंह तसेच वाकलेले, मान वर करून म्हणाले. "इतके दिवस मी अंगरखे राखत बसलो. आता नाही. आक्का, तुम्ही वर या."

"मी? पुलपिटात?"

"या. तुमच्या डोळ्यांनी जवळून बघा. बघून म्हणालात ही रक्षाच आहे, तर सरळ उभा राहून पुढं वाचतो. पोर बसू दे."

आक्काताई उठल्या. गुडघे धरून एकेक पायरी चढल्या. कुणी तरी म्हणालं, "आक्का, जपून." इतकी वर्षं त्यांनी त्या पायऱ्या पुसल्या होत्या, चढल्या कधी नव्हत्या. वर आल्यावर सवयीने त्यांनी रक्षेसाठी तळहात पुढे केला, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

खालून मी फूल दिसायचे. जवळून त्यांना भोकं दिसली. चाळण झालेलं लाकूड. नटाच्या कडेने सतत गळणारी पिवळी धार. एका भोकातून काही तरी पांढरं, मऊ, तोंड हलवत बाहेर आलं, लोंबलं, आणि त्यांच्या उघड्या तळहातावर पडलं.

आक्काताईंनी तळहात डोळ्यांजवळ नेला.

"अळी हाय ही," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की तो मी लोकांकडे लोटू शकले नाही. "मी दुधातनं पोरीला…"

त्यांनी हात झटकला आणि एस्तूचं मनगट धरलं. "चल."

"आज्जी, नवस?"

"नवस माझा हाय. मी फेडीन. तू चल खाली."

त्या दोघी उतरल्या. त्यांच्यामागून अमरसिंह उतरले. सगळं चर्च श्वास रोखून माझ्याकडे बघत होतं, आणि मी पडले नाही. त्या वेळी मी पडायला हवं होतं. पण पडले नाही.

उदयसिंह हसले. "बघा! उगंच भ्या घातलं बायकांना. घट्ट हाय की!" ते मांडवातला एक बांबू घेऊन आले आणि लोकांना दाखवायला, कठड्याबाहेर लांब उभं राहून, त्यांनी मला खालून नुसतं टोचलं.

गज वर तसाच राहिला. मी खाली आले. जिथे एस्तूच्या मुठी होत्या तो कठडा माझ्याखाली काडीसारखा मोडला. स्टुलाचा चुरा झाला. भुशाचा लोट पार दारापर्यंत गेला आणि त्या धुरळ्यात कुणीही "आमेन" म्हणालं नाही.

त्या दिवशी पंगत बसली. आक्काताई जेवायला थांबल्याच नाहीत. एस्तूला घेऊन त्या तशाच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात एस्तूच्या खिशात छातीचा पंप होता, आणि आक्काताईंच्या पहाटेच्या नेमात एक गोष्ट वाढली होती: स्तोत्र सुरू करण्याआधी त्या मान वर करून सगळं छत, एकेक तुळई, डोळ्यांनी तपासत.

अमरसिंहांनी पंचांना बजावून सांगितलं, की ही छत्री आजच्या आज जाळा. आत जिवंत कीड आहे. लाकडातून लाकडात जाते. "जाळतो की," उदयसिंह म्हणाले. आणि अमरसिंह उपासनेसाठी गारगोटीला गेले असताना त्यांनी मला खरंच जाळलं. गड्डा जाळला, फुटक्या पाकळ्या जाळल्या. पण दोन पाकळ्या पडूनही साबूत राहिल्या होत्या. उदयसिंहांनी त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. एक भोक दिसेना.

"एवढी मोठी छत्री पडली, आणि एका माणसाला खरचटलं न्हाई," ते बायकोला म्हणाले. "कुणी राखलं? संतानंच की! मग त्याचं लाकूड समदंच जाळायचं व्हय?"

त्यांची सून तेव्हा पोटुशी होती.

मित्रांनो, आता मी कोण आहे ते तुमच्या ध्यानात आलं असेल. मला रंधा मारला, पॉलिश केलं, कडेला घुंगरं लावली. मी उदयसिंहांच्या घरातल्या नव्या पाळण्याचा तळ आहे. बाहेरून इतकी सुंदर मी उभ्या आयुष्यात कधी नव्हते. आणि आतून, पॉलिशच्या खाली, तो आवाज पुन्हा सुरू झाला आहे. कुर्र… कुर्र…

आज बाळाला पाळण्यात घालायचं आहे. घर माणसांनी भरलंय. गादी घातली, झेंडूची माळ बांधली. मला छताच्या कड्यांना टांगलं. घालायचा मान मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईचा, म्हणून आक्काताईंना बोलावलं आहे. त्या एस्तूला घेऊन आल्या. बाळ त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी त्याला छातीशी धरलं, त्याची टाळू हुंगली, आणि पाळण्याकडे आल्या.

मग त्या थांबल्या. सकाळीच पुसलेल्या लादीवर, माझ्या बरोबर खाली, पिठासारखं काही तरी पडलं होतं. अगदी चिमूटभर.

"उदयसिंह," त्या म्हणाल्या, "ही फळी कुठली रं?"

"कुठली म्हणजे? आपल्या छत्रीचीच की आक्का! आशीर्वाद हाय लेकराला!"

"घाला की आक्का," सुनेची आई म्हणाली. "हात दुखतील."

"आक्कास्नी पोर सोडवंना," आणखी एकीने चिडवलं, आणि बायका हसल्या.

मित्रांनो, तुम्हांला जे पवित्र वाटतं त्याला जरूर हात जोडा, मी कशाला नको म्हणू? मी आयुष्यभर पवित्र शब्दच झेलले. पण हात जोडताना डोळे मिटण्याआधी एकदा मान वर करून बघा. जवळ जाऊन बघा. पालथं घालून बघा. आणि ज्याच्यावर तुमचं फार प्रेम आहे त्याला त्याच्याखाली किंवा त्याच्यावर ठेवण्याआधी तर नक्कीच.

बायकांनी येशूच्या जन्माचा पाळणा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला आहे. उदयसिंह दोरी हातात धरून उभे आहेत. मी रिकामीच हलते आहे. आक्काताई भिंतीला टेकून खाली बसल्या आहेत, बाळाला पदराखाली घेऊन, आणि कुणी कितीही हात पुढे केले तरी त्या ते देत नाहीत.